थंडीआधी हॉटेलची हवा लावून घ्या: एसी, एग्झॉस्ट, हीटर आणि गॅसची क्रमवार तयारी

पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी दोनला पारा २९-३० अंशांवर असतो आणि पहाटे ११-१२ वर, एखाद्या कडाक्याच्या आठवड्यात ८-९ वर उतरतो. १७ जानेवारी १९३५ ला तर शहरात १.७ अंशांची नोंद झाली होती. त्यामुळे इथल्या हॉटेलाला एकाच दिवसात दोन ऋतू सांभाळावे लागतात. दुपारी थाळीच्या गर्दीत एसी हवा असतो आणि रात्री साडेनऊला बागेतल्या टेबलावरचं कुटुंब ‘आत जागा होईल का?’ म्हणून विचारतं.

हॉटेलांच्या एसी-एग्झॉस्टची कामं करताना मी प्रत्येक मालकाला एक गोष्ट आवर्जून सांगतो. पुण्याच्या थंडीत हॉटेलाला ऊब सहसा पुरते, कमी पडते ती ताजी हवा. गार वाटायला लागलं की खिडक्या लागतात, फ्रेश एअरचा पंखा बंद होतो, आचारी एग्झॉस्टचा स्पीड उतरवतो आणि मग कोणीतरी शेगडी आत आणून ठेवतो. या चारही गोष्टींनी हवा कोंडते, आणि चौथी तर जिवावर बेतू शकते. खालची तयारी मी ज्या क्रमाने करून घेतो त्याच क्रमाने लिहिली आहे.

आधी आपल्या जागेचं तापमान मोजा

बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून दोन-तीन साधे डिजिटल थर्मामीटर आणा. एक हॉलच्या मध्यभागी टेबलाच्या उंचीवर ठेवा, एक मुख्य दाराजवळच्या टेबलाशी, एक बागेत किंवा ओट्यावर. दुपारी दोन, संध्याकाळी सात आणि रात्री साडेनऊ या वेळांचे आकडे काउंटरवरच्या वहीत लिहायला सांगा. आठवडाभरात चित्र स्पष्ट होतं.

पेपरात येणाऱ्या शिवाजीनगरच्या आकड्यावर विसंबू नका. पाषाण, एनडीए, बावधनकडे पारा बऱ्याचदा त्याच्याही खाली असतो, तर मगरपट्टा, लोहगावकडे त्याच रात्री काही अंशांनी जास्त. नदीकाठची किंवा ओढ्यालगतची बाग असेल तर गार हवा उताराने तिथे येऊन साचते. म्हणून बाणेरच्या एका हॉटेलला लागणारे हीटर विमाननगरच्या हॉटेलला लागतीलच असं नाही.

आता हॉलचा हिशेब. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. ६० माणसांचा हॉल भरला की ६ किलोवॅट झाली. एक टन एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे नुसत्या माणसांच्या उबेसाठी पावणेदोन टन लागतो. त्यात गरम ताटं, दिवे, किचनच्या दारातून येणारी झळ धरा. भरलेला हॉल जानेवारीतल्या रात्रीही स्वतःच उबदार राहतो. थंडी वाजते ती रिकाम्या हॉलमध्ये संध्याकाळी सातला येणाऱ्या पहिल्या दोन टेबलांना, दाराशी बसलेल्यांना आणि एसीच्या थेट झोताखाली बसलेल्यांना. खर्च या तीन ठिकाणांपुरता करायचा आहे, सगळा हॉल तापवायची गरज नाही.

ऑक्टोबर: आऊटडोअर युनिट धुऊन घ्या

पाऊस माघारी गेला की पहिलं काम गच्चीवरचं. चार महिन्यांच्या पावसाने आणि रस्त्यांच्या खोदकामाने आऊटडोअरच्या पत्र्यांमध्ये चिखलाचा थर बसलेला असतो. त्यावर पारव्यांची घरटी आणि विष्ठा. हे काम दिवाळीच्या आधीच उरका, कारण दिवाळीत मेकॅनिक गावाला जातात आणि परत आले की सगळ्यांचे फोन एकदम सुरू होतात.

आधी मेन बंद करा, नुसता रिमोट नाही. जाळी काढा, घरटं असेल तर मास्क लावून काढा, मग पाणी आतून बाहेरच्या दिशेने मारा. बाहेरून मारलं की कचरा आणखी आत दाबला जातो. जेट पंपाचा झोत पत्र्यांना सरळ समोरून हवा, तिरका पडला की अॅल्युमिनियमची नाजूक पाती मुडपतात आणि तिथून हवा जायची बंद होते. तीव्र आम्लाचे ‘झटपट’ क्लीनर वापरू देऊ नका, पाती खाल्ली जातात.

धुणं झाल्यावर इलेक्ट्रिकचं झाकण उघडून बघायला सांगा. हे मेकॅनिक सहसा करत नाहीत. आत सर्किट बोर्ड असतो आणि तो उबदार राहतो, म्हणून थंडीत पाली आणि मुंग्या तिथे मुक्कामाला येतात. बोर्डाच्या मागे दोन टोकांवर आडवी चिकटलेली काळी पडलेली पाल आणि तिच्याभोवती जळका डाग, हे दृश्य पुण्यातल्या कुठल्याही एसी मेकॅनिकला परिचयाचं आहे. एका पालीपायी आख्खा बोर्ड बदलावा लागतो. वायर आत शिरते त्या भोकाभोवती रबरी बूच किंवा सिलिकॉन भरून घ्या. उंदरांनी कुरतडलेला इन्सुलेशनचा काळा फोम तिथेच दिसेल, तोही बदला.

‘गॅस कमी झालाय, टॉप-अप करतो’ असं दर वर्षी ऐकायला मिळत असेल तर थांबा. एसीतला गॅस खर्च होणारी वस्तू नाही. बंद नळ्यांत तो फिरत असतो आणि गळती असेल तरच कमी होतो. नायट्रोजन भरून, सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती शोधा, बुजवा, व्हॅक्यूम करा आणि मग वजनाने गॅस भरा. अजून आर-२२ वर चालणारी जुनी मशीन असेल तर तिच्यात फार पैसे घालू नका. ओझोनला घातक म्हणून तो गॅस टप्प्याटप्प्याने बंद होत चालला आहे. आणि नव्या मशीनमधला आर-३२ गॅस किंचित ज्वलनशील असल्यामुळे त्याच्या सांध्यांजवळ कोणी सिगरेट पेटवून काम करत असेल तर त्याला आधी खाली उतरवा.

कूलिंगची चाचणी भर दुपारी घ्या. सकाळच्या गारव्यात प्रेशरचे आकडे फसवतात. इनडोअरच्या तोंडाशी निघणारी हवा आणि आत ओढली जाणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशीन ठीक आहे. टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं यंत्र) लावून कॉम्प्रेसरचा अँपिअर घ्या आणि प्लेटवरच्या आकड्याशी ताडून वहीत लिहा.

इनडोअर, ड्रेन आणि थंडीतला तो वास

फिल्टर धुणं, ब्लोअर साफ करणं, ड्रेनच्या पाइपातली शेवाळ काढणं ही नेहमीची कामं आहेत, त्यावर फार लिहीत नाही. डक्टेबल (पत्र्याच्या बोगद्यातून हवा देणारं) मशीन असेल तर ब्लोअरचा पट्टा तेवढा बघा. चिरा पडलेला पट्टा ३१ डिसेंबरच्या रात्रीच तुटतो, म्हणून त्याच नंबरचा एक जादा पट्टा मशीनच्या झाकणावर बांधून ठेवा.

डिसेंबरात मात्र एक वेगळीच तक्रार सुरू होते: ‘एसीतून गटाराचा वास येतो.’ मग मेकॅनिक येतो, केमिकल मारतो, चार दिवसांनी वास परत. कारण सोपं आहे. एसीचं पाणी जातं त्या पाइपाला खाली एक वळण असतं, त्यात साचलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. थंडीत हवा कोरडी, एसी कमी चालतो, पाणी गळतच नाही आणि वळण सुकतं. मग वास सरळ वर येतो. फारशा न वापरल्या जाणाऱ्या नहाणी ट्रॅपचंही तेच होतं. उपाय एवढाच की दर सोमवारी प्रत्येक इनडोअरच्या ट्रेमध्ये आणि प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. एखाद्या मुलाकडे हे काम नावाने सोपवा.

किचनमध्ये पाण्याचा एअर वॉशर किंवा मोठा कूलर असेल तर त्याचं पाणी आता बंद करा, टाकी पूर्ण उपसून घासा, पॅड सुकवा आणि नुसता पंखा चालू ठेवा. साचलेलं पाणी तसंच ठेवलं तर त्यात जंतू वाढतात आणि डासही. एअर वॉशरचा पंखा बंद करू नका, तो का ते पुढे येतंय.

हॉट अँड कोल्ड एसी असेल तर पहाटेची चाचणी

अलीकडे बऱ्याच नव्या हॉटेलांत गरम हवा देणारे एसी बसवले जातात. गरम करायला ही पद्धत चांगली आहे, कारण मशीन उष्णता तयार न करता बाहेरून आत आणते आणि पुण्याच्या थंडीत एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी ऊब मिळते. कॉइलच्या हीटरला एका युनिटात एकच मिळते.

पण गॅसची दिशा उलटवून कूलिंगचं हीटिंग करणारा वाल्व्ह वर्षभर न वापरल्याने अडकू शकतो. म्हणून नोव्हेंबरात एक दिवस सकाळी सातला या, हीट मोड लावा आणि पंधरा मिनिटं थांबा. सुरुवातीला पंखा फिरत नाही, त्याने घाबरू नका, कॉइल तापेपर्यंत मशीन थांबतं. बाहेर ‘टक्’ आणि पाठोपाठ ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा. मग आतली हवा ३५-४० अंशांपर्यंत आली पाहिजे. आली नाही तर दुरुस्तीला अजून महिना हातात आहे.

हीट मोडवर पाणी बाहेरच्या युनिटमधून गळतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात कोरडं असणारं आऊटडोअर जानेवारीत फुटपाथवर, गिऱ्हाइकांच्या स्कूटरवर किंवा खालच्या दुकानाच्या पाटीवर ठिबकत राहतं. तळाला ड्रेनचा एल्बो लावून पाइप काढून घ्या, काम किरकोळ आहे.

गरम हवा वर जाते, म्हणून हीट मोडला कॅसेटची (छतात बसवलेल्या इनडोअरची) पाती खाली वळवा आणि छताचा पंखा एकच्या स्पीडवर ठेवा. कूलिंगला पाती आडवी. ‘एसी चालूच आहे पण पायाला गार लागतं’ ही तक्रार निम्मी त्यानेच मिटते.

किचन: खरी तयारी इथे आहे

एग्झॉस्ट जितकी हवा बाहेर फेकतो तितकी हवा कुठून तरी आत यावीच लागते. चांगल्या रचनेत त्यातला ८०-९० टक्के भाग फ्रेश एअरचा पंखा (एअर वॉशर असेल तर त्याचा पंखा) किचनमध्येच आणून टाकतो आणि उरलेली थोडी हॉलमधून किचनकडे ओढली जाते. म्हणून फोडणीचा वास हॉलमध्ये येत नाही.

पण पुष्कळ हॉटेलांत फ्रेश एअरचा पंखा नावापुरताच असतो आणि वर्षभर काम चालवून नेतात त्या उघड्या खिडक्या. थंडीत त्या बंद झाल्या की एग्झॉस्ट उपाशी राहतो. मग तो वॉशरूमच्या झडपेतून, नहाणी ट्रॅपमधून, कर्मचाऱ्यांच्या बाथरूममधल्या गॅस गिझरच्या नळकांड्यातून उलटी हवा ओढतो. हॉलमध्ये धूर रेंगाळतो, गिऱ्हाइकांच्या शालींना तंदूरचा वास लागतो आणि मुख्य दार उघडताना कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखं जड लागतं.

तपासायला उपकरण लागत नाही. रात्री आठला, सगळ्या भट्ट्या पेटलेल्या आणि एग्झॉस्ट पूर्ण स्पीडवर असताना, टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा. किचनचं दार चार बोटं उघडं ठेवून पट्टी फटीत धरा. ती किचनच्या बाजूला हलकेच झुकली तर हवा बरोबर आहे. हॉलच्या बाजूला झुकली तर एग्झॉस्ट कमी पडतोय, म्हणजे फिल्टर तुंबलेत, पट्टा सैल आहे किंवा मोटार उलट फिरतेय. थ्री फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की पंखा उलट फिरतो आणि आवाज तसाच येतो. मीटरचं काम झाल्यावर हे नेहमी बघा. आणि पट्टी ताठ आडवी होऊन फडफडली तर फ्रेश एअर अपुरी आहे. मग मुख्य दाराशी जाऊन तीच पट्टी धरा. तिथेही जोरात आत ओढली गेली तर दाराजवळच्या टेबलाला गार का लागतं त्याचं उत्तर मिळालं. त्या टेबलाशी हीटर ठेवण्याआधी फ्रेश एअरचा पंखा दुरुस्त करा, दारातून येणारा गार झोत आपोआप मंदावेल.

फ्रेश एअरची गार हवा आचाऱ्याच्या मानेवर किंवा ताटं भरायच्या टेबलावर पडत असेल तर तो पंखा बंद करणारच, आणि त्याचं चुकतही नाही. ग्रिल वळवून झोत भट्टीच्या बाजूने, हुडाच्या कडेशी सोडा. उष्णतेत मिसळून हवा आचाऱ्यापर्यंत येईतो कोमट होते.

आता चिकटा. हुडाचे स्टीलचे बॅफल फिल्टर रोज रात्री गरम पाण्यात आणि डिग्रीजरमध्ये भिजवा. फिल्टर अॅल्युमिनियमचे असतील तर कॉस्टिक सोडा अजिबात नको, धातू विरघळतो. डक्टचं काम मोठं आहे. थंडीत डक्टचा पत्रा गार राहतो, तेलाची वाफ त्यावर लवकर थिजते आणि थर उन्हाळ्यापेक्षा वेगाने चढतो. वर्षअखेरीच्या गर्दीत भट्ट्या तासन्‌तास पेटलेल्या असतात, तंदूरची एक ठिणगी त्या थराला लागली की आग डक्टमधून गच्चीपर्यंत जाते. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, हॉटेल बंद झाल्यावर, तपासणीची झाकणं उघडून डक्ट खरवडून घ्या. झाकणंच नसतील तर प्रत्येक वळणाशी एक कापून घ्या. कंत्राटदाराकडून आधीचे आणि नंतरचे फोटो मागा, झाकणापासून हात लांबवून आतल्या भागाचे.

शेजाऱ्यांचाही विचार करा. स्थिर, गार रात्री जमिनीलगतची हवा जड असते आणि तिच्यावर उबदार थर बसतो, त्यामुळे धूर वर न जाता सोसायटीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याशी लोंबकळतो. महापालिकेकडे तक्रारी याच दिवसांत वाढतात. चिमणीचं तोंड आजूबाजूच्या खिडक्यांच्या वर आणि त्यांच्यापासून वळवलेलं हवं. धूर पाण्याने धुणाऱ्या स्क्रबरचं पाणी रोज बदला, ईएसपी (धुरातले कण विजेने ओढून घेणारं यंत्र) असेल तर त्याच्या प्लेटा धुऊन पूर्ण वाळवूनच परत बसवा. त्या इमारतीतली माणसं आपलीच गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्या घरात आपला धूर जाणं बरोबर नाही.

हॉलमध्ये किती गार, किती ताजं

दुपारी एसी २५-२६ वर ठेवा. नवे स्टारवाले एसी २०२० पासून मुळातच २४ वर सुरू होतात, त्याखाली जायचं कारण या दिवसांत नाही. रात्री आठनंतर बाहेरची हवा गार होते. तेव्हा कॉम्प्रेसर बंद करून फ्रेश एअर वाढवली की हॉल फुकट गार राहतो. नुसतं कूलिंग देणारे बरेच एसी बाहेर फार गार असताना चालवायचे नसतात, मशीनच्या पुस्तकात ती मर्यादा दिलेली असते.

ताजी हवा पुरते का हे बघायला कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर घ्या. बाहेर आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. भरल्या हॉलमध्ये हजाराच्या आसपास राहिला तर ठीक, दोन हजाराकडे गेला की लोकांना जड वाटतं, जांभया येतात आणि ते गोडाचं न मागवताच उठतात.

एक मात्र खरं, पुण्याची थंडीतली सकाळची हवा आता स्वच्छ राहिलेली नाही. पाषाणच्या आयआयटीएमने उभारलेल्या ‘सफर’वर हवेची स्थिती बघता येते. हॉल मोकळा करायचा तो ऊन चढल्यावर, सकाळी दहा-अकराला, झाडलोट चालू असताना. फ्रेश एअरचा फिल्टर या महिन्यांत पंधरवड्याला धुवा.

बागेतले हीटर

दोन प्रकार आहेत. छत्रीसारखा गॅसचा हीटर बहुधा १२-१३ किलोवॅटचा असतो आणि पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास एक किलो गॅस खातो. १९ किलोचा सिलिंडर म्हणजे एकोणीस-वीस तास, फार तर चार रात्री. विजेचा इन्फ्रारेड हीटर दीड ते दोन किलोवॅटचा असतो, तो हवा न तापवता समोरच्या माणसाला ऊब देतो. वारा असलेल्या बागेत म्हणून तोच उपयोगी पडतो. पाच तासांत दहा युनिटं, हिशेब करून बघा. माझा कौल विजेच्या बाजूने आहे, खर्चापेक्षाही सुरक्षिततेसाठी.

गॅसचा घेतलाच तर पायात वजन भरा, कापडी छतापासून कंपनीने सांगितलेलं अंतर पाळा, आणि कलंडला की बंद होणारी सोय चालते का ते रिकाम्या बागेत तिरका करून बघा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर नोजल साफ करा, तोवर वापरू नका. परवान्याच्या आणि अग्निशमन दलाच्या दाखल्याच्या अटीही एकदा वाचून घ्या.

बागेला पारदर्शक प्लास्टिकचे पडदे लावायची पद्धत आता सगळीकडे आहे. चारही बाजूंनी पडदे सोडले की ती बाग राहत नाही, खोली होते. तिथे गॅसचा हीटर चालणार नाही. वाऱ्याच्या दिशेची एक बाजू बंद करा, समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या ठेवा. लोखंडी खुर्च्यांवर गाद्या टाका. पालापाचोळा जाळून शेकोटी करू नका, उघड्यावर जाळायला बंदी आहे.

शेगडी आत आणू नका

हा भाग मालकांनी स्वतः वाचावा आणि कामगारांना वाचून दाखवावा, हिंदीत, नेपाळीत, त्यांना समजेल त्या भाषेत.

कोळसा, लाकूड किंवा गॅस बंद जागेत अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून निखारे सुरक्षित वाटतात, आणि धोका निखाऱ्यांतच जास्त असतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. किचनमधला मुलगा म्हणतो ‘पित्त झालंय’ आणि जाऊन आडवा होतो. झोपेत हा वायू चढला तर माणूस उठत नाही.

हॉटेल बंद झाल्यावर मुलं पोटमाळ्यावर किंवा किचनमागच्या खोलीत झोपतात. अकरा अंशांच्या रात्री त्यांच्याकडे पातळ चादर असेल तर तंदूरमधले निखारे घमेल्यात घेऊन ते दार लावून घेणारच. त्यांना रागावून उपयोग नाही. प्रत्येकाला दोन जाड ब्लँकेट आणि गादी द्या, खोलीची झडप कायमची उघडी राहील अशी जाळी बसवा, आणि ऊब हवीच असेल तर भिंतीवर पक्का बसवलेला विजेचा हीटर द्या, तेल भरलेला किंवा साधा. रात्री बंद करताना तंदूरचं तोंड झाकण्याआधी निखारे विझलेत का हे जबाबदार माणसाने बघावं.

बाथरूममधला गॅस गिझर त्याच यादीत येतो. सकाळी चार-पाच जण एकामागून एक अंघोळ करतात, खिडकी थंडीमुळे बंद. त्याचा धूर बाहेर नेणारं नळकांडं हवंच. शक्य असेल तर तो काढून विजेचा लावा.

झोपायच्या खोलीत आणि किचनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. गॅसगळतीचा अलार्म हा वायू ओळखत नाही, दोन्ही वेगळे घ्यावे लागतात. अलार्म वाजला किंवा दोघांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर सगळ्यांना उघड्यावर आणा आणि १०८ ला फोन करा.

गॅस बँक आणि कोल्ड रूम

गार सकाळी सिलिंडरमधल्या द्रवाची वाफ हळू होते. तिन्ही भट्ट्या एकदम पेटवल्या की सिलिंडरवर दव आणि मग बर्फ धरतं, ज्योत खाली जाते. अशा वेळी सिलिंडर आडवा करणं, त्यावर उकळतं पाणी ओतणं किंवा खाली जाळ करणं हे प्रकार चालतात, ते ताबडतोब थांबवा. गॅसवाल्याला बोलावून मॅनिफोल्डवर (सिलिंडर एकत्र जोडणाऱ्या नळीवर) एका वेळी चालू असणारे सिलिंडर वाढवून घ्या. ओढ वाटली गेली की बर्फ धरत नाही.

गळतीचा अलार्म कुठे लावायचा यात गोंधळ होतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीवर. एमएनजीएलचा पाइप गॅस हलका, तो वर जातो, म्हणून अलार्म छताखाली फूटभर. सिलिंडरवरून पाइप गॅसवर आलेल्या हॉटेलांत जुना अलार्म खालीच राहून गेलेला असतो, तो आज बघा.

कोल्ड रूम ‘थंडी आहे’ म्हणून रात्री बंद करू देऊ नका. उलट गार रात्री बाहेरच्या कंडेन्सरचं (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचं) प्रेशर फार उतरतं आणि आत पुरेसा गॅस पोचत नाही, मग बाहेर १० अंश असूनही आतलं तापमान चढतं. प्रेशर उतरलं की कंडेन्सरचा पंखा थांबवणारा स्विच लावला की प्रश्न सुटतो. आत ५ अंशांच्या खाली आणि डीप फ्रीजरला उणे १८, हे आकडे हिवाळ्यातही बदलत नाहीत.

त्याच कंडेन्सरची फुकट जाणारी ऊब वापरा. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, दही लागत नाही, म्हणून आचारी पातेलं भट्टीशेजारी ठेवतो आणि पीठ एका बाजूने आंबतं. कंडेन्सर आतल्या बाजूला असेल तर त्याच्या गरम झोताच्या जवळ, पण झोतात नाही, एक स्वच्छ बंद कपाट करून घ्या. २८-३० अंशांत पीठ रातोरात नीट येतं.

वीज आणि करार

आठ इन्फ्रारेड हीटर म्हणजे १६ किलोवॅट. त्यात सकाळचे गिझर. महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार काढून बघा आणि गरज असेल तर वाढवून घ्या, नाहीतर दंडाचा आकार लागतो. बागेतल्या प्रत्येक हीटरला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवी. गवतातून जाणारा एक्स्टेन्शन बोर्ड दवात भिजतो, तो नकोच.

देखभालीचा करार जानेवारीत करा. मार्चमध्ये मेकॅनिकला वेळ नसतो आणि दरही चढलेले असतात. करारात चार गोष्टी लिहून घ्या: टाँग टेस्टरचे आकडे दर भेटीला वहीत, गळती शोधल्याशिवाय गॅस भरायचा नाही, सर्किट बोर्डचं झाकण उघडून तपासणी, आणि वर्षातून दोनदा टिश्यूची चाचणी मालकासमोर.

फेब्रुवारीच्या मध्यावर दुपारचा पारा ३२ कडे जातो. तेव्हा गॅसचे हीटर सिलिंडर सोडवून आत घ्या आणि बर्नरच्या डोक्यावर कापडी पिशवी घट्ट बांधा. नोजलमध्ये कोळी जाळी करतात आणि नोव्हेंबरात पहिल्याच रात्री ज्योत पिवळी येते.